दोघांनी मिळून घ्यायचा तास

पहिली ते पाचवीच्या वेळापत्रकात आठवड्यातून एका चौकटीत ‘वाचन’ किंवा ‘ग्रंथालय’ असं लिहिलेलं असतं. त्या तासाचं पुढे काय होतं, हे शिक्षकांना सांगायला नको. चाचणी जवळ आली की तो गणिताला जातो. स्नेहसंमेलन जवळ आलं की नाचाच्या सरावाला जातो. उरलेल्या आठवड्यांत मुलं ग्रंथपालांच्या ताब्यात देऊन वर्गशिक्षक वह्या तपासायला बसतात. वर्गात सध्या कोणता पाठ चालू आहे हे ग्रंथपालांना कुणी सांगितलेलं नसतं आणि कपाटात काय आहे हे शिक्षकांनी कधी पाहिलेलं नसतं. मुलं हाताला येईल ते पुस्तक उचलतात, चित्रं पाहतात, घंटा झाली की परत ठेवतात. या सगळ्यात कामचुकार कुणीच नसतं, तरीही वर्षाचे तीस-पस्तीस तास हातातून जातात.

हे पुस्तक त्या एका चौकटीविषयी आहे. वर्गशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी आधी एकत्र बसून आखायचे आणि मग दोघांनी मिळून घ्यायचे वाचनाचे नि शोधाचे पाठ यात आहेत. मला त्यामागचा विचार वाचकांसमोर ठेवायचा आहे. लहान मुलाला वाचनाची गोडी लावणं आणि माहिती शोधायला शिकवणं ही एकट्या माणसाने पेलायची कामं नाहीत. ग्रंथपाल हा पुस्तकांचा राखणदार नसून शिकवणारा माणूस आहे, हे शाळेने मान्य केल्याशिवाय ती पेलली जाणारही नाहीत.

आपल्याकडे ही मान्यता कागदावरही अर्धीच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं असावीत, असं म्हटलं आहे. ते ग्रंथालय चालवणार कोण, याबद्दल तिथे काही नाही. पुढे समग्र शिक्षा योजनेतून शाळांना पुस्तकांसाठी दरवर्षी ५ हजार ते २० हजार रुपयांचं अनुदान ठरलं. म्हणजे पुस्तकं आली, कपाटं आली, माणूस मात्र आला नाही. महाराष्ट्रात ग्रंथपालाचं पद आहे ते माध्यमिक शाळेत, तेही पटसंख्येनुसार अर्धवेळ किंवा पूर्णवेळ. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ते नाहीच. तिथे एखाद्या शिक्षकाकडे पोषण आहार, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या जोडीला ‘ग्रंथालय विभाग’ असतो. पुस्तकं नोंदवहीत चढतात, कपाटाला कुलूप लागतं. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर जबाबदारी आपल्यावर येईल, ही भीती त्या कुलपामागे असते, आणि ती खोटी नाही. ज्या व्यवस्थेत पुस्तक वापरलं गेलं का हे कुणी विचारत नाही, जागेवर आहे का एवढंच विचारतात, तिथे शहाणा माणूस कुलूपच लावेल.

याची किंमत मुलं मोजतात. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. या आकड्यावर बोलताना आपण लगेच बाराखडीकडे आणि उजळणीकडे वळतो. अक्षरओळख पक्की हवीच. पण ज्याला पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं काही वाचायला मिळालेलं नाही, त्याचं वाचन सुटं आणि वेगवान होणार कशावर? सराव होतो तो आवडीच्या मजकुरावर, आणि आवडीचा मजकूर त्या कुलूपबंद कपाटात असतो.

सयाजीराव गायकवाडांनी हे शतकापूर्वी ओळखलं होतं. बडोदा संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, आणि काही वर्षांतच दिसू लागलं की शाळेत शिकलेली अक्षरं पुढे वाचायला काही मिळालं नाही तर विसरली जातात. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालयं आणि पुस्तकांच्या पेट्या घेऊन फिरणारी ग्रंथालयं यांचं जाळं तिथे उभं राहिलं. शाळा आणि ग्रंथालय ही एकाच कामाची दोन अंगं आहेत, हा विचार आपल्याला परका नाही. मराठी भाषक राजाने तो अमलात आणून दाखवला आहे. एस. आर. रंगनाथन हेही आधी गणिताचे प्राध्यापक होते आणि १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, शाळाशाळांत ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. प्रतिमेला हार घालताना मुलांना एवढं तरी सांगावं की भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारा माणूस मुळात शिक्षक होता.

आता शोधाच्या पाठांकडे येतो. माझ्या मते आज प्राथमिक शाळेत सर्वांत जास्त नुकसान इथे होतं.

‘प्रकल्प’ हा शब्द तिसरीपासून मुलाच्या कानावर पडतो. सरांनी किंवा बाईंनी विषय दिला, की संध्याकाळी आई-बाबा स्टेशनरीच्या दुकानात जातात. तिथे ‘आपले सण’, ‘पाळीव प्राणी’, ‘स्वातंत्र्यसैनिक’ असे चित्रांचे तयार तक्ते मिळतात. शेजारच्या सायबर कॅफेत दोन पानांची माहिती छापून मिळते. चित्रं कापायची, चिकटवायची, माहिती मोत्यासारख्या अक्षरात उतरवायची, कडेने रंगीत पट्टी ओढायची. शिक्षक ‘छान’ असा शेरा देतात. मुलाने यात एकही प्रश्न विचारलेला नसतो, काही शोधलेलं नसतं आणि जे लिहिलं त्यातलं निम्मं त्याला कळलेलं नसतं. तो शिकतो ते एवढंच, की माहिती म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं सुंदर अक्षरात उतरवणं. पुढे महाविद्यालयात हाच मुलगा इंटरनेटवरून परिच्छेद उचलतो तेव्हा आपण त्याला नावं ठेवतो. त्याला ते आपणच शिकवलेलं असतं, आठव्या-नवव्या वर्षी.

यावर उपाय म्हणून मुलांना संगणक कक्षात नेऊन काही साधत नाही. उपाय आहे तो पाठ वेगळ्या रीतीने आखण्याचा. एक उदाहरण सविस्तर देतो.

चौथीत आपल्या राज्याची मानचिन्हं शिकवताना शेकरूचं नाव येतं. शेकरू हा राज्यप्राणी, एवढं सांगून पुढे जाता येतं. किंवा इथे थांबता येतं. थांबायचं ठरवलं तर शिक्षक आणि ग्रंथपाल आदल्या आठवड्यात अर्धा तास एकत्र बसतात. शिक्षकांना माहीत असतं की वर्गातली चार-पाच मुलं अजून जोडाक्षरांशी अडतात, दोन मुली पाचवीची पुस्तकं सहज वाचतात आणि एका मुलाचं आजोळ आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या वाटेवर आहे. ग्रंथपालांना माहीत असतं की प्राण्यांवरची कोणती पुस्तकं कपाटात आहेत, त्यांतलं कोणतं कमी मजकुराचं आहे, ‘किशोर’च्या कोणत्या जुन्या अंकात जंगलावरचा लेख आहे. ही दोन प्रकारची माहिती एका टेबलावर आली की पाठ निम्मा तयार होतो. एरवी ती दोन वेगळ्या खोल्यांत राहते आणि कधीच भेटत नाही.

मग वर्गात शिक्षक मुलांकडून प्रश्न काढून घेतात. पहिले प्रश्न पोपटपंचीचे येतात: शेकरू काय खातो, कुठे राहतो. जरा धीर धरला की खरे येतात. तो जमिनीवर फारसा का उतरत नाही? एकच शेकरू अनेक घरटी का बांधतो? भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मध्ये झालं, मग त्याआधी त्याला कोण जपत होतं? फळ्यावरचे हे प्रश्न घेऊन मुलं ग्रंथालयात येतात आणि इथून ग्रंथपाल सूत्रं हातात घेतात. अनुक्रमणिका कशी पाहायची, पुस्तकाच्या शेवटी सूची असेल तर ती कशी वापरायची, अकारविल्हे रचनेत ‘श’ कुठे येतो. विश्वकोशात ‘शेकरू’खाली हवं ते मिळालं नाही तर कोणत्या शब्दाखाली पाहायचं? ‘खार’ हे उत्तर मुलांनी स्वतः शोधलं, की त्यांना शोधाचं एक मोठं गमक सापडतं: एकाच गोष्टीकडे जायच्या वाटा अनेक असतात आणि एक बंद झाली तर दुसरी पाहायची असते. शिक्षक या वेळी खोलीबाहेर गेलेले नसतात. ते जोडाक्षरांशी अडणाऱ्या मुलांच्या गटात बसून त्यांच्याबरोबर वाचत असतात.

लिहिण्याची पाळी आली की एक साधा नियम: दोन पानं वाचायची, पुस्तक मिटायचं, शेजाऱ्याला सांगायचं आणि मगच लिहायचं. पुस्तक उघडं ठेवून लिहायचं नाही. या एका नियमाने उतरवून काढण्याची सवय जितकी सुटते तितकी कोणत्याही उपदेशाने सुटत नाही. लिहून झालं की खाली पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव, चौथीला पान क्रमांकसुद्धा. आपल्याला जे कळलं ते कुणामुळे कळलं हे सांगण्याची ही सवय आहे, आणि ती लवकर लागलेली बरी.

दुसरं उदाहरण थोडक्यात, पण मला ते अधिक मोलाचं वाटतं. चौथीच्या इतिहासात मुलं शिवचरित्र शिकतात. शाळेचं कपाट जुनं असेल, तर त्यात एखादं असं शिवचरित्र हमखास असतं ज्यात महाराजांचा जन्म १६२७ मध्ये झाल्याचं लिहिलेलं असतं. पाठ्यपुस्तकात असतं १९ फेब्रुवारी १६३०. एखादी चुणचुणीत मुलगी दोन्ही पुस्तकं घेऊन बाईंकडे येते. ‘जुनं चुकीचं आहे, ठेवून दे’ असं म्हणून बाई मोकळ्या होऊ शकतात. पण ग्रंथपालांबरोबर हा पाठ आखलेला असेल तर त्या दोन पुस्तकांचं प्रकाशन वर्ष फळ्यावर येतं. मग मुलांना सांगता येतं की जुन्या लेखकांपुढे बखरी होत्या. कारीच्या जेधे घराण्यातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी मिळाली. ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यातूनही तेच वर्ष निघालं. नऊ वर्षांच्या मुलाला हे समजतं. पुस्तक कुणीतरी, केव्हातरी, कशाच्यातरी आधाराने लिहिलेलं असतं, नवा आधार सापडला की जुनं विधान बदलतं, आणि म्हणून पुस्तक उघडल्यावर आधी त्याचं साल पाहायचं. हा विचार मुलाच्या मनात इतक्या लवकर आणि इतक्या आदराच्या विषयातून रुजवण्याची संधी इतर राज्यांतल्या शिक्षकांना मिळेलच असं नाही. आपल्याला ती घरबसल्या मिळाली आहे.

याच धाग्याने कपाटातली इतर पुस्तकंही तपासता येतात. सौरमालेत नऊ ग्रह सांगणारं पुस्तक २००६ च्या आधीचं. महाराष्ट्राचे ३५ जिल्हे दाखवणारा नकाशा १ ऑगस्ट २०१४ च्या आधीचा, कारण त्या दिवशी पालघर जिल्हा झाला. मुलांना हे हुडकायला फार आवडतं, आणि ग्रंथपालांना कोणती पुस्तकं बाजूला काढायची याची यादीही आयती मिळते.

अमेरिकेत शिक्षक आणि शालेय ग्रंथपाल यांच्या सहकार्याचा विचार बराच पुढे गेला आहे. तिथल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येच ग्रंथपालाला शिक्षक आणि पाठनियोजनातला सल्लागार या भूमिका दिल्या होत्या. रटगर्स विद्यापीठातल्या कॅरल कुल्थाऊ यांनी विद्यार्थ्यांच्या शोधप्रक्रियेचा अभ्यास करून दाखवलं की विषय निवडल्यावर आणि वाचायला लागल्यावर विद्यार्थ्याचा गोंधळ आधी वाढतो, मगच कमी होतो. आपल्या शिक्षकांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. मूल मध्येच ‘मला काही सुचत नाही’ म्हणतं, तेव्हा ते आळस करत नसतं. शोध खरा सुरू झाल्याची ती खूण असते, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्याजवळ एक मोठं माणूस असावं लागतं. चाळीस मुलांच्या वर्गात एकाच माणसाला हे जमत नाही. दोघांना जमतं.

पण तिथेही सगळं सुरळीत आहे असं समजू नये. तिथल्या अनेक प्राथमिक शाळांत ग्रंथालयाचा तास ठरलेला असतो आणि तो वर्गशिक्षकाच्या तयारीचा वेळ म्हणून धरलेला असतो. म्हणजे मुलं ग्रंथालयात असताना शिक्षक तिथे नसतोच. आपला ‘ऑफ तास’ आणि त्यांची ही सोय यांत फारसा फरक नाही. ग्रंथपाल नेमला की सहकार्य आपोआप येत नाही. त्यासाठी दोघांचा मोकळा वेळ एकाच वेळी यावा लागतो, आणि तो वेळापत्रक करणाऱ्याच्या हातात असतो.

आपल्या भूमीतही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. गोव्यात पणजीला २००५ मध्ये सुरू झालेली ‘बुकवर्म’ ही संस्था शाळांमध्ये जाऊन ग्रंथालयाचे तास घेते. गोष्ट वाचून दाखवण्यापासून मुलांशी पुस्तकावर बोलण्यापर्यंत सगळं तिथे विचारपूर्वक आखलेलं असतं. टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाने ग्रंथालयात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम चालवला आहे, आणि त्यात ग्रंथालय सांभाळणाऱ्याला शिक्षकाच्या बरोबरीचं स्थान आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या शाळेने मराठीतून वाचायला-लिहायला शिकवण्याचा पाया पुन्हा तपासून पाहिला. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात सोनाळे इथे ‘क्वेस्ट’ ही संस्था आदिवासी भागातल्या मुलांच्या भाषाशिक्षणावर काम करते. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेली ‘वाचू आनंदे’ ही पुस्तकमाला तर शिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मिळून वापरावी अशीच आहे. गोष्ट, कविता, चित्र, माहिती यांच्या भिंती तिथे नाहीत.

ज्या शाळेत ग्रंथपालच नाही, तिने काय करावं, हा प्रश्न मला सर्वांत आधी विचारला जाईल. पद निर्माण व्हायला हवं, आणि त्यासाठी शिक्षकांच्या संघटनांनी भांडायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तोवर दोन गोष्टी करता येतात. एक, ज्या शिक्षकाकडे ग्रंथालय विभाग आहे, त्याच्याकडची इतर कागदपत्रांची कामं कमी करून त्याला खरोखर ग्रंथपालाची भूमिका द्यावी आणि इतर वर्गांच्या शिक्षकांनी त्याच्याबरोबर बसावं. दोन, गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं दार ठोठावावं. १९६७ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली, त्यांची संख्या आज अकरा हजारांहून अधिक आहे. अनेक गावांत शाळा आणि वाचनालय यांच्यात चालत पाच मिनिटांचं अंतर असतं आणि तरी दोघांची ओळख नसते. तिथले ग्रंथपाल तुटपुंज्या मानधनावर काम करतात, पण त्यांना गाव माहीत असतं, गावाचा इतिहास सांगणारी म्हातारी माणसं माहीत असतात, जुनी वर्तमानपत्रं त्यांच्याकडे असतात. ‘आपलं गाव’ या विषयावर त्यांच्याइतका चांगला सहकारी शिक्षकाला कुठे मिळणार?

एक काळजी मात्र घ्यावी. शोधाच्या पाठांच्या उत्साहात गोष्टींचं नुसतं वाचन मागे पडू देऊ नये. प्रत्येक पुस्तकावर प्रश्न विचारले, प्रत्येक गोष्टीनंतर तक्ता करायला लावला, तर मुलाला पुस्तकाचा कंटाळा येईल. या पुस्तकात निम्म्याहून जास्त पाठ केवळ प्रकट वाचनाचे आणि मुक्त वाचनाचे आहेत, ते त्यासाठीच. शिक्षक वाचून दाखवतात, ग्रंथपाल ऐकतात, कधी उलट. मोठी माणसं आवडीने वाचतात आणि आपापसांत पुस्तकाबद्दल बोलतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहणं हाही त्या तासाचा भाग आहे.

पुढची पानं शिक्षकांसाठी आणि ग्रंथपालांसाठी आहेत. पण ही प्रस्तावना वाचणाऱ्या मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. येत्या जूनमध्ये वेळापत्रक कराल तेव्हा प्रत्येक वर्गशिक्षक आणि ग्रंथालय सांभाळणारी व्यक्ती यांना पंधरा दिवसांतून एक तास एकाच वेळी मोकळा ठेवा, तो तास दुसऱ्या कुठल्याही कामाला देऊ नका, आणि नोंदवहीत पुस्तकं किती आहेत याबरोबर ती किती मुलांच्या हाती गेली हेही विचारत जा.